टिलबर्गने पळवलेला डावखुरा

"युरोप खंडातला एकमेव मराठी गुप्तहेर. माणसाच्या बुटांवरून त्याचं गाव आणि गावावरून त्याचं पाप ओळखणारा. ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही असा, आणि तरीही विनम्र."

ही ओळख चंद्रहासची आहे आणि ती त्याने स्वतःच लिहिली आहे, 'विनम्र'सकट. मी त्याची बायको, संपदा. त्याच्या भाषेत सहायक. सहायकाचं काम म्हणजे गुप्तहेर विचार करत असताना त्याची छत्री धरणे आणि विचार चुकला की ती विसरून जाणे.

दिवसा चंद्रहास नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांतली थरथर मोजतो. कुणालाही न जाणवणारी थरथर शोधण्याचा त्याला पगार मिळतो. त्यामुळे जे नाही ते दिसायची त्याच्या डोळ्यांना सवय झाली आहे, आणि जे आहे ते बघायला माणूस घरी ठेवलाय. आजवर त्याने तीन प्रकरणं सोडवली. शेजारणीचं हरवलेलं मांजर आपणहून परत आलं. आमची चोरीला गेलेली सायकल खेमेएंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, चुकीच्या जागी लावली म्हणून उचलून नेली होती. तिसऱ्या प्रकरणात माझ्या गेलेल्या वजनकाट्याचा शोध होता. तो मीच लपवला होता.

आता मूळ प्रकरण. मी सांगलीला असताना क्रिकेटच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचे. तालुक्याच्या स्पर्धा, मांडवातला माइक, समोर धूळ. लोक म्हणायचे, संपदाताई बोलायला लागल्या की पंचसुद्धा ऐकत बसतात. लग्न करून इथे आल्यावर मी फक्त 'चंद्रहासची मिसेस' झाले. महाराष्ट्र मंडळाची राखी दर भेटीत विचारायची, "मग, सध्या काय करतेस?" आणि माझं उत्तर यायच्या आत समोशाच्या ताटाकडे वळायची. दोन वर्षं मी नोकरीचे अर्ज केले आणि दोन वर्षं मला सभ्य भाषेत नकार आले.

अशात आइंडहोवन स्पार्क्स या बेसबॉल क्लबची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या इनेकाने मला बोलावलं. शनिवारी स्पार्क्सचा सामना टिलबर्ग वीव्हर्सशी होता. एकाच गटातले, ब्राबांत या एकाच प्रांतातले, एकमेकांचं तोंड बघायला दरवर्षी मुकाट्याने तयार होणारे. टिलबर्गचे लोक एके काळी लोकरीच्या गिरण्यांसाठी घागरीत मूत्र साठवायचे, म्हणून आइंडहोवनवाले त्यांना अजून घागरीवरून चिडवतात. बदल्यात ते आम्हाला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्लब व्यावसायिक आहे, म्हणजे खेळाडूंना पगार मिळतो. पण त्या पगारात आइंडहोवनमध्ये सायकलसुद्धा घर करून राहू शकत नाही. आणि शहरात एवढे भारतीय असून त्यांतला एकही सामन्याला फिरकत नाही, हे इनेकाचं दुखणं.

तिचा प्रस्ताव साधा होता. सामन्याची ओळख करून देणारी एक छोटी चित्रफीत मी मराठीत आणि हिंदीत करायची. कोण खेळणार, कोण कुणाला जड जाणार, बघायला का यायचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती हवी. चांगली झाली तर उरलेल्या मोसमात माइक माझा. सामना होण्याआधी सामन्यावर बोलणं म्हणजे लग्नाआधी बारशाचं जेवण घालण्यासारखं आहे, पण माइकसाठी मी मुंजीचंही घातलं असतं. त्या आठवड्यात मी आरशासमोर उभी राहून बोलत होते, हे चंद्रहासला दिसलं नाही.

चित्रफितीचा कणा होता यूप. स्पार्क्सचा डावखुरा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. दोन मीटर उंच, दाढीवाला, क्लबच्या दारावर त्याचं हे भलंमोठं पोस्टर. तो खेळला तर टिलबर्गची काही धडगत नाही असं सगळे सांगत होते. मला फक्त त्याच्याशी चार वाक्यं बोलायची होती.

गुरुवारी सरावाला गेलो तर मैदानात यूप नव्हता.

मी प्रशिक्षकाला विचारायला निघाले तेव्हा चंद्रहासने माझा दंड धरला. विचारणं हे सामान्य माणसाचं काम, असं त्याचं तत्त्व आहे. विचारलं की समोरचा सावध होतो. त्याऐवजी कॅन्टीनच्या बाहेरच्या बाकावर बसून निरीक्षण करायचं ठरलं. निरीक्षणाला भूक लागते, म्हणून त्याने आधी काउंटरवर जाऊन फ्रीत मागवले. फ्रीत म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, जे ब्राबांतमध्ये नाश्ता, जेवण आणि सांत्वन अशा तिन्ही कामांना चालतात.

एक पोरगा बर्फाची घमेली घेऊन कॅन्टीनमध्ये शिरला. चंद्रहासचे डोळे चमकले.

"खांदा गेला," तो म्हणाला. "बर्फ आत चाललाय. आत कुठेतरी यूपला लपवलंय, खांदा सुजलाय, आणि शनिवारपर्यंत टिलबर्गला कळू द्यायचं नाहीये."

मी म्हटलं, बर्फ कोकाकोलासाठीही असू शकतो. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग फ्रीत गार आहेत म्हणून त्याने बाकावरूनच काउंटरकडे चुटकी वाजवली, "हॅलो बॉस" म्हणाला, आणि काउंटरमागचा एप्रनवाला येऊन ती पुडी निमूट बदलून देऊन गेला. जाताना चंद्रहासने त्याला टेबलही पुसायला लावलं. मला लाज वाटली, पण तेवढी नाही जेवढी वाटायला हवी होती. माझं लक्ष मैदानावर होतं.

थोड्या वेळाने टिलबर्ग वीव्हर्सचं जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस आला, काउंटरवर कोपर टेकवून उभा राहिला आणि एप्रनवाल्याशी मनमोकळं हसत गप्पा मारू लागला.

हा टिलबर्गचा माणूस नाही, हा चंद्रहासचा पहिला निष्कर्ष. खरा टिलबर्गवाला टिलबर्गचं जाकीट घालून शत्रूच्या कॅन्टीनमध्ये येईल का? मग त्याला आठवलं की हुशार माणूस हाच विचार आपण करणार हे ओळखून मुद्दाम जाकीट घालून येईल. म्हणजे हा टिलबर्गचाच. म्हणजे व्यवहार चालू आहे. एप्रनवाला केवळ आडोसा. इतका वेळ क्रोकेट, म्हणजे इथला तळलेला मांसाचा रोल, विकत घेणारा माणूस जगात नाही.

"यूपला त्यांनी पळवलंय," तो हळूच म्हणाला. "शनिवारी तो टिलबर्गकडून खेळणार."

हंगामाच्या मध्यात असं होत नसतं, एवढं तरी मी नियम वाचून शिकले होते. ते मी सांगितलं. "म्हणून तर गुप्तपणे चाललंय," तो म्हणाला. या माणसाशी वाद घालणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

घरी येईपर्यंत तिसरा सिद्धांत तयार झाला होता: यूप नावाचा माणूसच नाही. तिकिटं खपावीत म्हणून क्लबने एक पोस्टर छापून त्याला नाव दिलं आहे. पुरावा काय, तर तो कुणाला दिसत नाही. पुरावा ऐकून मी भांडी घासायला गेले. रात्रभर विचार करून त्याने हा सिद्धांत सोडला, कारण नसलेल्या माणसाला टिलबर्ग पळवणार कसं?

शुक्रवारी दुपारी मी निवेदन घोटत बसले होते. चंद्रहासने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "खात्रीलायक सूत्रांकडून: स्पार्क्सचा डावखुरा यूप टिलबर्गने पळवला. शनिवारचा सामना ही औपचारिकता." खाली माझं नाव, 'सौजन्य' म्हणून. त्याला वाटलं मला प्रसिद्धी मिळेल.

मिळाली. राखीने मंडळासाठी जागांचा एक अख्खा पट्टा धरून ठेवला होता. लोक भराभर माघार घ्यायला लागले. हरणाऱ्यांना बघायला पावसात कोण भिजणार, असं एकाने लिहिलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. कुणीतरी तो मजकूर आपल्या डच सहकाऱ्याला भाषांतर करून दाखवला आणि तासाभरात इनेकाचा फोन आला.

डच माणूस रागावला की आवाज चढवत नाही, विशेषणं काढून टाकतो. ती म्हणाली, हे चूक आहे. यूप या आठवड्यात रोज क्लबवरच आहे. संध्याकाळपर्यंत बरोबर चित्रफीत आली नाही तर ती दुसरं कुणीतरी बघेल. मग फोन ठेवला.

"ऐकलंस?" चंद्रहास म्हणाला. "रोज क्लबवर आहे म्हणतेय. म्हणजे क्लबवर नाही."

मी सायकल काढली. मला खरोखर रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. दोन वर्षांनी कुणीतरी माझ्या आवाजासाठी मला बोलावलं होतं, चंद्रहासची बायको म्हणून नाही, आणि तो आवाज या माणसाच्या मुंगी न सुटणाऱ्या नजरेपायी जाणार होता. तो मागून सायकलवर येत ओरडत होता की घाई केली तर संशयित सावध होतील.

मैदानात पुन्हा तेच. सगळे उजव्या हाताने फेकत होते. मी कॅन्टीनमध्ये शिरले आणि काउंटरसमोर उभी राहिले. समोर एप्रन होतं, एप्रनवर मेयोनेजचा डाग होता, आणि एका मोठ्या डाव्या हाताने माझ्यापुढे कॉफी सरकवली.

आणि मी, एक सामान्य बाई, ते केलं जे गुप्तहेर कधी करत नाहीत. मी विचारलं.

"यूप कुठे भेटेल, सांगाल का?"

"मी यूप," एप्रन म्हणालं.

मी मान वर केली. वर करतच राहिले. शेवटी दाढी आली, आणि दाढीच्या वर पोस्टरवरचा चेहरा. दोन दिवस तो आमच्यापासून हातभर अंतरावर बटाटे तळत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा दोन मीटरचा होता आणि त्याने आमचं टेबल पुसलं होतं.

तो इथे काय करतोय, हे त्याला विचारायचीही गरज नव्हती, तरी विचारलं. त्याला प्रश्नच नीट कळेना. बारदीन्स्त, तो म्हणाला. म्हणजे कॅन्टीनची पाळी. क्लबमध्ये प्रत्येकाला ती असते, खेळाडू असो की अध्यक्ष. पिचरने सामन्याआधीचे दिवस हाताला विश्रांती द्यायची असते, मग तळायला तोच मोकळा. बर्फ? कोकाकोलासाठी. जाकीटवाला? टिलबर्गचा कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक, आणि यूपच्या बायकोचा भाऊ. शनिवारी तू टाकणार का, असं मेहुण्याने सरळ विचारलं, यूपने सरळ हो म्हटलं, आणि क्रोकेट खाऊन तो घरी गेला. टिलबर्गच्या हेराचं काम एका क्रोकेटात झालं होतं.

चंद्रहास दारात येऊन थांबला होता. त्याने यूपकडे बघितलं, मग पोस्टरकडे, मग पुन्हा यूपकडे.

"हा तर फ्रीतवाला आहे," तो म्हणाला.

त्याचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येईना. आपल्याकडे वडापाव देणाऱ्याचा फक्त हात दिसतो. मोठा माणूस काउंटरच्या पलीकडे असूच शकत नाही हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो असतो. मीसुद्धा दोन दिवस एप्रनच बघत होते.

चित्रफीत तिथेच झाली. यूप तळत होता, मी बोलत होते. टिलबर्गचा तिसरा फलंदाज पायाजवळच्या चेंडूला कसा हमखास फसतो ते त्याने झाऱ्याने दाखवलं, मी ते मराठीत आणि हिंदीत सांगितलं, आणि मध्येच गिऱ्हाईक आलं तर थांबलो. चंद्रहासने फोन धरला. हात थरथरत होता. ती थरथर कुणालाही जाणवली असती. संध्याकाळच्या आत चित्रफीत गेली. इनेकाचं उत्तर आलं: "वाईट नाही." ब्राबांतमध्ये यापुढे कौतुकाला जागाच नसते. पाठोपाठ दुसरा निरोप आला. माइक माझा. आणि आता मी क्लबची म्हणून कॅन्टीनची पाळीही माझी; माइकवर असताना ती घरातल्या कुणी केली तरी चालेल.

घरात कोण आहे, हे शोधायला गुप्तहेर लागला नाही.

शनिवारी मंडळाचा पट्टा भरला. चित्रफितीतल्या तळणाऱ्या पिचरला बघायला जे येणार नव्हते तेही आले. मी समालोचकाच्या वरच्या खोक्यात माइकसमोर बसले होते आणि यूपने पहिला चेंडू टाकला तेव्हा माझा आवाज मलाच सांगलीचा वाटला. टिलबर्गचा तिसरा फलंदाज पायाजवळ फसला. घागर फुटली, असं मी म्हणून गेले आणि मंडळाचा पट्टा हसला.

खोक्यातून कॅन्टीन दिसत होतं. एप्रन घालून चंद्रहास उभा होता. राखी काउंटरवर गेली, फोनमधून डोकं वर न काढता, नुसता सावळा हात बघून, हिंदीत म्हणाली, नमक कम, और जल्दी. मग पुडी घेऊन शेजारच्या बाईला मराठीत म्हणाली, आणि ते मला खिडकीतून ऐकू आलं:

"संपदाचा नवरा आज दिसला नाही कुठे."

तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. मला हसू आलं, आणि मग एकदम आलं नाही. दोन वर्षं मी जिथे उभी होते ती जागा मला तिथून स्पष्ट दिसत होती.

स्पार्क्स जिंकले. सामना संपल्यावर आम्ही सायकली काढल्या. मग चंद्रहासमधला गुप्तहेर परत आला.

"वेषांतर," तो म्हणाला. "पूर्ण सामनाभर एकानेही ओळखलं नाही."

खरं होतं. त्याचा पहिलाच बरोबर निघालेला निष्कर्ष.

"एकाने फ्रीत गार आहेत म्हणून परत केले," तो पुढे म्हणाला, हळू आवाजात. "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं त्याने."

"कोण होता?"

चंद्रहासने थोडा विचार केला.

"काय माहीत," तो म्हणाला. "मी कुठे बघितलं?"