जगतापकाकांची बिनमाशांची टाकी

जगतापकाका रोज सकाळी सात वाजता नसलेल्या माशांना खाऊ घालत.

हॉलमध्ये भिंतीशी तीन फुटी काचेची टाकी. तिच्यात पाणी, वाळू, दोन झाडं, बुडबुडे सोडणारा फिल्टर आणि वर दिवा. मासा एकही नाही. तरी काका चिमूटभर खाणं टाकायचे आणि ते कुजायची वाट बघत उभे राहायचे. जयपूरच्या सोडाला भागातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला हे माहीत होतं. खालचे शर्माजी मला जिन्यात हळूच म्हणाले, "अंकल अकेले रहते हैं ना, मैडम. थोड़ा असर हो जाता है."

कॉलेजात भूगोल शिकवायची नोकरी लागली म्हणून मी एकटीच नाशिकहून जयपूरला आले होते. समोरच्या दारावर 'सुभेदार जगताप (निवृत्त)' ही पाटी दिसली आणि सामान उघडायच्या आधीच मी बेल दाबली. दार उघडून त्यांनी मला एकदा नखशिखान्त पाहिलं.

"मराठी?"

"हो काका. नाशिकची."

"मी फलटणचा. चप्पल काढा आणि या आत. भरती चालू आहे."

भरती जंतूंची होती. काकांनी मला टाकीसमोर उभं करून समजावलं. माशांची घाण आणि उरलंसुरलं खाणं पाण्यात कुजतं, त्याचं विष होतं. ते खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात आधी वसायला हवेत. पण ही पहिली तुकडी विष खाऊन दुसरंच विष सोडते. ते खायला दुसरी तुकडी. "दोन्ही तुकड्या हजर झाल्याशिवाय आत मासा घ्यायचा नाही."

"किती दिवस लागतात?"

"महिना, दीड महिना. आस्ते कदम, मास्तरीणबाई!"

त्या दिवसापासून माझं नाव मास्तरीणबाई पडलं. दर रविवारी मला हजेरीला बोलावणं यायचं. काका काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघून जाहीर करायचे, "पहिली तुकडी पोचली. दुसरी अजून रस्त्यात आहे."

दुसरी लढाई पाण्याशी होती. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की डाळ शिजता शिजत नाही आणि नळाच्या तोंडाला पांढरी दाढी येते. ते तपासायचं औषध वेगळं. थेंब मोजत राहायचं, लाल पाणी हिरवं होईपर्यंत. काका कवायतीच्या आवाजात मोजायचे. अठराव्या थेंबाला पाणी हिरवं झालं, तेव्हा ते उखडले, "हे पाणी आहे का चुना?" मग स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी बादल्याबादल्यांनी आणून मिसळणं सुरू झालं. दर वेळी आकडा निराळा. महिन्याभरानं पाठ धरली, तेव्हा काकांनी बादली खाली ठेवली. "पाण्याला शिव्या देऊन ते गोड होत नाही. या पाण्यात रमेल असाच मासा आणायचा. गप्पी."

दुसरी तुकडी पोचली, टाकी तयार होत आली आणि घात झाला. झाडूपोछा करणाऱ्या कमलाबाईंनी फिल्टरचा स्पंज काढून साबणानं खसखसून धुतला. मी गेले तेव्हा त्या आनंदानं सांगत होत्या, "कितनी गंदगी थी साब! मैंने चमका दी."

काकांनी तो पिवळाधमक स्पंज उलटसुलट करून पाहिला. "शाबाश," ते म्हणाले. त्या गेल्यावर खुर्चीत बसले. "सगळी पलटण गारद."

"रागावला नाहीत?"

"कशाला? कुणीतरी आपणहून माझ्या घरातलं काही साफ केलं, दोन वर्षांत पहिल्यांदा." दोन वर्षांपूर्वी सुमनकाकू वारल्या होत्या. काकांनी नवा स्पंज बसवला आणि पुन्हा पहिल्यापासून भरती काढली.

तीन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, आम्ही सहा गप्पी घेऊन आलो. "तीन महीने!" दुकानदार हसला होता. "अंकल, इतने में तो शादी हो जाती है."

काकांनी माशांची पिशवी टाकीत तरंगत सोडली. मग नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून दर दहा मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत. तासभर हेच चाललं. माझा धीर सुटला. "काका, सोडा ना आता."

त्यांनी वाटी भरून हलकेच पिशवीत ओतली.

"सुमनला लग्नानंतर पाचव्या दिवशी पठाणकोटला नेलं मी. ट्रंक क्वार्टरमध्ये ठेवली, किल्ली तिच्या हातात दिली आणि ड्युटीवर गेलो. हिंदी यायचं नाही तिला. तीन महिने ती माझ्याशिवाय कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. मला कळलं तीस वर्षांनी. तेही तिनं हसत सांगितलं." त्यांनी आणखी एक वाटी ओतली. "अशा नऊ बदल्या. दर वेळी ट्रंक, किल्ली, ड्युटी. इथं आली तेव्हा कुठं मैत्रिणी जमल्या. म्हणाली, आता मला हलवू नका."

म्हणून काका फलटणला परतले नव्हते.

मासे पाण्यात उतरले आणि झाडामागं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले. रंग उडालेले. काकांनी टाकीचा दिवा घालवला, पडदे ओढले. "आज त्यांच्याकडं कुणी टक लावून बघायचं नाही," ते कुजबुजले आणि दोन खुर्च्या भिंतीकडं तोंड करून मांडल्या.

त्या अर्धवट अंधारात, टाकीकडं पाठ करून, आम्ही चहा घेतला. मागं फिल्टरचा बुडबुड आवाज.

"तुम्हाला येऊन किती महिने झाले, मास्तरीणबाई?"

"पाच."

"रमलात?"

पाच महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांना मी फोनवर न विचारताच "मजेत" सांगत होते. आताही तेच ओठावर आलं, पण फुटेना. काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. भिंतीकडंच बघत किटली पुढं सरकवली आणि माझा कप पुन्हा भरला.