निसर्गाचा डावखुरेपणा आणि एक सरकलेली पट्टी

वजनदार माणूस ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. क्वार्क नावाचा वजनदार मूलकण ओळखायला मात्र समिती लागते. प्रयोगशाळेच्या बोगद्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात आणि कणांचे फवारे उडतात. जड क्वार्कपासून बनलेला कण टकरीच्या जागेपासून दोन-चार मिलिमीटर पुढे जातो आणि मग फुटतो. हलक्यांचा फवारा जागच्या जागीच उडतो. म्हणजे फवारा कुठून सुटला एवढंच पाहायचं. त्यासाठी समितीत एकवीस माणसं आहेत (पैकी चौघं फवारे पाहतात, उरलेली त्या चौघांकडे पाहतात).

समितीतली सर्वांत लहान सभासद म्हणजे धाकटी (वय एकेचाळीस, विज्ञानात हे कोवळं वय धरतात). नोकरी कंत्राटी. तिच्याकडेच राहणारी आई रोज सकाळी चहाचा कप पुढे सरकवत विचारते, "झालीस का गं कायम?"

"होईन गं," धाकटी म्हणते. हे उत्तर द्यायची आता तिलाच लाज वाटायला लागली होती.

यंदा मात्र योग उत्तम होता. समितीने नुकताच शोध लावला होता, की जड क्वार्क डाव्या बाजूलाच जास्त सापडतात. निसर्ग मुळातच डावखुरा आहे, असं भाषणही प्रमुखांनी बसवलं होतं. शोध जाहीर झाला की धाकटी कायम होणार, हे ठरल्यात जमा होतं. आणि नेमकं तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की कणांचा माग टिपणारी डावीकडची एक सिलिकॉनची पट्टी दुरुस्तीत केसभर सरकली आहे. त्यामुळे तिकडचा हलका फवाराही लांबून सुटल्यासारखा दिसतो आणि संगणक त्याला जड ठरवून मोकळा होतो.

बैठकीत तिने हे सांगून टाकलं.

"पट्टी सरकली हे कशावरून?" प्रमुखांनी शांतपणे विचारलं.

"सर, बाकीच्या सगळ्या पट्ट्यांशी तिचं जुळत नाही."

"मग बाकीच्या सरकल्या असतील."

मुद्दा शास्त्रीय असल्याने मतदानाला टाकण्यात आला. ठराव असा झाला: शोध लावणारी पट्टी प्रमाण मानावी, उरलेल्या तिच्या रेषेत आणाव्यात, हे नाजूक काम बाईंकडेच द्यावं, कारण सरकलेल्या पट्ट्यांचा अनुभव दुसऱ्या कुणाला नाही, आणि कामाचा व्याप पाहता त्यांना सेवेत कायम करावं.

धाकटीने मान डोलावली.

तेव्हापासून चहूबाजूंना जडच क्वार्क सापडतात. अचूकता शंभर टक्के आहे (हलके सापडतच नाहीत, त्यामुळे चुकायला वाव उरलेला नाही). आईने त्या दिवशी आनंदाने चहात साखर जास्त घातली. धाकटीने कप तसाच परत सरकवला.

तिने मान डोलावली तिथेच, वाचकहो, तुम्ही तिला भित्री ठरवून टाकलंत. खरं सांगायला तोंड उघडणारी ती एकटीच होती. ठराव करणाऱ्या बाकीच्या वीस जणांना काय म्हणावं, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. समितीत लवकरच एक जागा रिकामी होते आहे. अर्ज करा, तुमची पारख आमच्यासारखीच आहे.