शटरवाली वाचनखोली

खोलीला साधं लाकडी दार लागलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ऐन वेळी सुतार पोरीच्या लग्नात अडकला आणि मिस्त्री म्हणाला, "वसमतच्या एका दुकानाचं जुनं शटर पडून हाय. तवर थेच बसवू." जळबाने 'बसव' म्हटलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पस्तीस वर्षं कुरुंद्यात टपाल वाटून जळबा निवृत्त झाला होता. उन्हातान्हात दुसऱ्यांची पत्रं पोचवताना त्याच्या मनात एकच इच्छा उरली होती. आपली एक खोली असावी, तिथे कुणी हाक मारू नये आणि आपण पुस्तक उघडून बसावं. माणूस मुळातच उदास. चुकून हसला तर लोक विचारत, "काय झालं, कुणी गेलं का?" अशा माणसाला वाचनखोली हवी, यात गावाला नवल वाटायला नको होतं. पण गावाला आधी शटर दिसलं.

तिसऱ्या दिवशी शेजारचा माणिकराव डोक्यावर पोतं घेऊन हजर.

"जळबाभाऊ, गोदाम झकास झालं!"

"गोदाम न्हाई. वाचायची खोली हाय."

"शटर हाय ना?"

"हाय."

"मंग?"

"चार पोती हळद हाय," माणिकराव म्हणाला. "भाव पडलाय. चार दिवसांत वर आला की उचलतो." कुरुंद्यात हळदीच्या दिवसांत कोरड्या जागेला नाही म्हणायची रीत नाही. तरी जळबाने मान आडवी हलवली होती. पण डोक्यावर पोतं असलेल्या माणसाला समोरच्याची मान कुठल्या दिशेने हलते ते दिसत नाही.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. चाराची चाळीस पोती झाली. माणिकरावची पाहून पेमाने ठेवली, पेमाची पाहून भीमसिंगने. जळबाने चिडून शटरवर रंगाने मोठ्या अक्षरांत 'वाचनखोली' लिहून घेतलं. त्याचा उपयोग एवढाच झाला, की साखऱ्याहून आलेला टेम्पोवालाही न चुकता दारात येऊन उभा राहिला. "वाचनखोली लिवलेलं गोदाम हेच का?" त्याने विचारलं.

शेवटी जळबाने माणिकरावला समोर बसवलं. "गोदाम कशाला म्हणायचं, सांगा बरं? जिथं नुस्ता माल ऱ्हातो त्याला. इथं मी बी बसून राहिलो का न्हाई?"

माणिकरावने नीट विचार केला. "बराबर हाय. मंग गोदामाला राखणदार लागतोच की."

त्यानंतर जळबाने वाद घालणं सोडलं. दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात खुर्ची टाकून तो वाचायला बसू लागला. पान उलटलं की हळद उडायची. सदरा पिवळा झाला, नखं पिवळी झाली आणि पंधरा दिवसांत मानही पिवळी झाली. माणिकरावच्या बायकोने, सखुबाईने, एक दिवस त्याला उजेडात पाहिलं आणि छातीवर हात मारला.

"जनकाबाई, आवो जळबाभाऊला कावीळ झाली!"

"कावीळ कशाची? आंगुळ करत न्हाईत धड," जळबाची बायको जनकाबाई म्हणाली. पण दुपारपर्यंत सात बाया येऊन हळहळून गेल्या, तेव्हा तिचाही जीव घाबरला. कुणी झाडपाला दिला, कुणी तेल-तिखट बंद करवलं. आठ दिवस नुसत्या भातावर राहून धडधाकट जळबाचे गाल बसले, आणि तो खरोखरच आजारी दिसू लागला. मग जनकाबाईने हिंगोलीला पोराला फोन लावला. रविंद्र गाडी घेऊन आला आणि दोघांना बसवून घेऊन गेला. तुळशीबिळशीला पाणी घालायला म्हणून जनकाबाईने घराची चावी शेजारी दिली. कुणाकडे, ते सांगायला नको.

हिंगोलीच्या डॉक्टरने रक्त तपासलं, मग कापसाच्या बोळ्याने जळबाची मान पुसली. बोळा पिवळाधमक. "काका, हा आजार साबणाने जातो," डॉक्टर म्हणाला. रविंद्रने खाली मान घातली.

जळबा दुसऱ्याच दिवशी निघणार होता, तेवढ्यात माणिकरावचा फोन आला. "जळबाभाऊ, घर रिकामंच व्हतं, म्हून उरलेली पोती आत ठिवली. सैपाकघर सोडून." थोडं थांबून तो म्हणाला, "न्हाई, तिथं बी सा हायेत. भाव येईस्तोवर ऱ्हावा की लेकरापाशी."

रविंद्रच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या. एक नवराबायकोची, दुसरी नातीची, साक्षीची. तिचं बारावीचं वर्ष, तिच्यासोबत आजी झोपायची. जळबाची खाट स्वयंपाकघरालगतच्या चिंचोळ्या जागेत लागली. तिथे जादाचा सिलेंडर होता, गुंडाळलेल्या गाद्या होत्या आणि उन्हाळा संपल्याने आणून ठेवलेला कूलर होता. "बाबा, थोडेच दिवस हं," सून करुणा ओशाळून म्हणाली. तिचा काही दोष नव्हता.

त्या जागेला लाकडी दार होतं. लावलं की कुणी हाक मारत नसे. आयुष्यभर मागितलं ते जळबाला मिळालं होतं, आणि तो एकच ओळ तीन-तीनदा वाचत होता. आपण इथे राहतोय, की आपल्याला इथे ठेवलंय, हे त्याला कळेना. त्याला फार एकटं वाटे, पण सांगणार कुणाला? कूलरला?

महिन्याभराने पुन्हा माणिकरावचा फोन आला. भाव अजून पडलेलाच होता.

"तिकडं जागा-बिगा बरी हाय का, जळबाभाऊ?"

"झकास. पोरानं येगळी खोली दिली मला. वाचत बसतो निवांत."

तेवढ्यात दाराबाहेर साक्षी ओरडली, "मम्मी, आजोबा कुठंयत?" आणि करुणाचा खणखणीत आवाज आला, "स्टोअर रूममध्ये असतील बघ!"

जळबाने फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"ष्टोअर रूम म्हंजी काय वं?" माणिकरावने हळूच विचारलं.

"शहरात वाचायच्या खोलीला तसं म्हणतेत," जळबा म्हणाला.

माणिकरावच्या थोरल्या पोराचं, बालाजीचं, गावच्या स्टँडवर 'बालाजी जनरल स्टोअर्स' होतं. पाटी स्वतः माणिकरावनेच समोर उभं राहून रंगवून घेतली होती. त्याने घसा खाकरला.

"व्हय व्हय, बराबर हाय," तो म्हणाला. "तुमी काई काळजी करू नका, भाऊ. तुमची वाचनखोली इथं हाय तशी हाय."

माणिकरावच्या तोंडून हा शब्द जळबाने पहिल्यांदाच ऐकला. आपली दशा किती वाईट झाली आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं.