ताईंची निरपराध गाठ

आपल्या विषयात प्राध्यापक कधी चुकत नसत. साऱ्या संस्थेला हे ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगत. थोरल्या ताई मात्र त्यांना अजून बाळ्याच म्हणत. त्यामुळे ताईंच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली हरभऱ्याएवढी गाठ सर्जनने काढली, तेव्हा बाळ्याला मोठं व्हायची संधी दिसली. त्यांनी ती तपासायला मागून घेतली. ही गाठ भसाभसा हॉर्मोन ओतायची आणि ताईंचा रक्तदाब माडावर चढायचा.

"ती का चेकाळली ते मी शोधतो! बघच तू!"

"मला कळेल असं सांग."

"जीन म्हणजे डीएनएच्या अक्षरांत लिहिलेला हुकूम: हॉर्मोन बनव! अक्षरांवर मिथाइलच्या चिमुकल्या टोप्या बसल्या, की हुकूम मुका. टोप्या उडाल्या, की त्याचं तोंड सुटतं! तुझ्या गाठीत त्या उडालेल्याच असणार."

निकाल आला. एकूण एक टोपी जागच्या जागी! जीन मौनव्रतात!

"म्हणजे बिचारीने काही केलंच नव्हतं?" ताई फोनवर कडाडल्या. "मग माझं पोट उगाच फाडलं?"

"तसं... निकाल तरी तेच म्हणतोय..."

ताईंनी तडक सर्जनला फोन लावला. "निरपराध गाठ काढलीत! होती तिथे परत ठेवा!"

"ती तुमच्या भावाकडे आहे," सर्जन शांतपणे म्हणाले.

ताईंच्या यजमानांनी, म्हणजे भावजींनी, रक्तदाब मोजला. ऑपरेशननंतर शहाण्यासारखा वागणारा पारा तरातरा वर! त्यांनी मेव्हण्याला कळवलं, "गाठ गेली, पण तुम्ही आहात!"

प्राध्यापक प्रयोगशाळेत धावले. या तपासणीत आधी एक रसायन घालतात. बिनटोपीची अक्षरं त्याने बदलतात, टोपीवाली तशीच राहतात. रसायनच घातलं नाही, तर एकही अक्षर बदलत नाही आणि सगळीच टोपीवाली दिसतात!

समोर रसायनाची बाटली. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं!

पुन्हा तपासल्यावर जीन चांगला बोडका निघाला. गाठच गुन्हेगार! ताईंचा जीव भांड्यात पडला, पाराही खाली आला. सर्जनची माफी त्यांनी भावाला मागायला लावली.

"ताई, यावर शोधनिबंध लिहितोय," प्राध्यापक पुटपुटले. "शेवटी तुझे आभार मानीन."

"माझे राहू देत. पहिलं नाव गाठीचं घाल, बाळ्या. ती आपलं काम कधी विसरली नाही!"