घड्याळजींनी नाकाचा मुलूख सोडविला त्याची हकीकत

विदित व्हावे जे, जगात थोर लढाया पुष्कळ जाहल्या आणि त्या लिहिणारेही पुष्कळ जाहले. परंतु नाकासारख्या दोन बिळांच्या मुलखापायी शहाणा माणूस किती बेजार होतो हे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिणे भाग पडले.

घड्याळजींचे बाजारात चार हात रुंदीचे दुकान, डोळ्याला भिंग, हाती चिमटा, ऐसा सरंजाम. बायको वारून आठ महिने जाहले होते. तिचे मनगटी घड्याळ आजारपणात बंद पडले, ते चालते करावे हा एकच मनसुबा उरला होता. परंतु झाकण उघडावे, आणि केसाएवढी कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, चिमट्यात धरावी, आणि तोच शिंकांची फौज चालून यावी, आणि कमान उडून जावी, आणि मग घड्याळजींनी फरशीवर पालथे पडून ती हुडकावी, ऐसे सात वेळा जाहले. तैशी कमान आता कोठे मिळत नाही. आठव्यांदा उडून मोडली तर घड्याळ कायमचे मुके.

या साऱ्यामागे हिस्टामिन नामे गनीम. याचा पराक्रम काय म्हणावा! धुळीचा एक कण आत शिरला की नाकातल्या पेशींची कोठारे फोडून हा बाहेर पडतो, आणि चोर सोडून घरालाच आग लावतो, आणि नाक सुजवून, पाणी वाहवून त्यालाच बंदोबस्त म्हणतो.

प्रथम मेव्हणेसाहेबांची कुमक आली. हे सर्व शास्त्रांत पारंगत, पैकी शिकलेले एकही नाही. त्यांच्या हुकुमाने अॅलर्जीवरची जुन्या काळची गोळी घेतली. गोळी हिस्टामिनाची बसायची जागा अडवून बसली आणि शिंका थोड्या थांबल्या, परंतु कोठारे भरलेलीच, आणि घड्याळजी भिंगासकट टेबलावर झोपी गेले.

मग डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. मेव्हणेसाहेब गर्जले, "दाजी, स्टेरॉइड? आता नाकाला पहिलवानाचे दंड काढणार की काय?" घड्याळजीही कमी शहाणे नव्हते. शिंक आली की फवारा मारीत, नाही आली की विसरत. तोही दोन्हीकडे उजव्याच हाताने, कारण डाव्याने घड्याळ धरायचे आणि उजव्याने काम करायचे ही चाळीस वर्षांची शिस्त. डावी नाकपुडी निभावली. उजवीत धार मधल्या पडद्यावर बसून रक्त आले. चौथ्या दिवशी फवारा कपाटात कैद जाहला आणि घड्याळजी तक्रार घेऊन दवाखान्यात दाखल जाहले.

तेथे फर्मान निघाले ते येणेप्रमाणे: "काका, हा काय आगीचा बंब आहे, आग लागल्यावर पळवायला? हा रसद तोडतो. नाकातल्या त्या कोठारवाल्या पेशी कमी होतात, नव्या फारशा येत नाहीत, मग हिस्टामिन तयारच कमी होतं. त्याला दिवस लागतात. रोज मारायचा, शिंक असो नसो. आणि उजव्या नाकपुडीला डावा हात, धार बाहेरच्या बाजूला."

"मॅडम, डाव्या हाताला नुसतं धरता येतं."

"लोकांना अवघड कामही डाव्या हातचा मळ असतो, काका. तुम्हाला सोपंही जमेना?"

हा टोला वर्मी बसला. मग रोज सकाळी आरशापुढे डाव्या हाताची कवायत सुरू जाहली. पहिल्या दिवशी गाल भिजला, दुसऱ्या दिवशी चष्मा, आणि मग नाकपुडी सापडली. दुसऱ्या आठवड्यात गनिमाचे बळ तुटले. दिवसाच्या चाळीस शिंकांच्या चार राहिल्या.

सतराव्या दिवशी सकाळी झाकण उघडले, कमान धरली, बसविली. शिंक आली नाही. चाक हलले आणि टिकटिक सुरू जाहली. मेव्हणेसाहेब म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, फवाराच मारा." हेही लिहून ठेविले असे.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. वेळ लावताना घड्याळजींनी काटे दहा मिनिटे पुढे ठेविले. कारण बायकोचा हुकूमच होता की, या माणसाला कुठे वेळेवर न्यायचे तर घड्याळाने खोटे बोललेच पाहिजे. तो हुकूम कोणी रद्द केलेला नाही.