निर्हेतुक पदभ्रमण

"या बांधावर विनाकारण कोण कोण चालतं?" अंमलदार शामकांतरावांनी विचारले, आणि चिंचेखाली जमलेल्या गावाने एकदम माना खाली घातल्या.

जबानी टाळावी तशी शेजारची प्रवरा नदीसुद्धा मुकाट सरकत होती. बेचाळीस साली हाच प्रश्न एका फौजदाराने याच चिंचेखाली विचारला होता, आणि भाबडेपणाने हात वर करणारा भिमाजी थेट तुरुंगात जाऊन बसला होता. अखेर तोच खाकरला.

"सायेब, आमी समदी कामानंच चालतो. इनाकारन पाय उचलायची आमच्यात रीत न्हाई."

शामकांतराव खिन्न झाले. स्वराज्य येऊन वर्ष लोटले होते. जनतेस आनंद व्हावा असा वरून हुकूम होता आणि त्या आनंदासाठी शेतांमधून, पूरबांधावरून जाणारा 'लोकविहारपथ' मंजूर होता. अडचण एकच. वहिवाट सिद्ध झाल्याविना रस्ता देता येत नाही. म्हणजे विहाराचा रस्ता देण्यासाठी लोक आधीपासूनच विहार करीत असले पाहिजेत.

मागे कारकून सुमंत उभा होता. पथाच्या नियमांचा मसुदा त्याचा होता. नव्या कवितेने झपाटलेल्या या पदवीधराने, बांधावरच्या मावळत्या उजेडाला शोभेल असा शब्द शोधता शोधता, 'निर्हेतुक पदभ्रमण' असे लिहून टाकले होते. लिहिताना त्याचा कंठ दाटून आला होता. कचेरीचा आला नाही; कचेरीने त्या शब्दाची व्याख्या केली. हेतू धरून चालणे हा विहारपथाचा गैरवापर ठरला. मग ओघानेच डोईवरचे ओझे हा हेतूचा पुरावा ठरला, गुरेढोरे हा चार पायांचा हेतू ठरला, आणि लगबगीने चालणारा इसम हेतू लपवीत आहे असे गृहीत धरण्यात आले.

"वहिवाट नसेलच तर, साहेब?" सुमंतने आशेने विचारले.

"तर पाडायची. उद्घाटनापासून बांधावर सहेतुक माणसांना बंदी. उरतील ते विहारीच!"

उद्घाटनास नगरहून तुमच्याआमच्यासारखी सुशिक्षित मंडळी टांग्यांतून आली. चालण्याच्या महतीवर भाषणे झाली. ती ऐकताना एकही जण टांग्यातून खाली उतरला नाही. दोन्ही अंगांना कोवळी ज्वारी, खाली पाण्यावर सांडलेले पिवळे ऊन, आणि मधोमध तो रिकामा बांध. सौंदर्य हजर होते. विहारी गैरहजर होते.

तेवढ्यात भाकरीची पाटी डोईवर घेऊन बनुबाई आली. तिचे रान बांधापलीकडे होते. तिथे जायला दुसरी वाट नव्हती, आणि सकाळपासून मोट हाकणारा तिचा म्हातारा उपाशी होता.

सुमंत आडवा झाला. "बाई, इथून जाता येणार नाही."

"का? बांध फुटला व्हय?"

"बांध आता लोकांचा झालाय."

"मंग मी कोन, म्हस हाय?"

"तसं नाही. तुम्ही कामाला निघालात. इथं हेतू चालत नाही."

"न्हाई तर न्हाई. त्येला ठिवते हितंच. मला तर जाऊ द्याल?"

ती चिंचेमागे गेली. परतली तेव्हा पाटी नव्हती. ओचा मात्र चांगलाच फुगला होता. ओच्याविषयी नियम मौन होता. सुमंतही मौन राहिला.

"आन् बाबा, तुमी कशापायी हुबं हितं?"

"मी? माझी नोकरी आहे."

"म्हंजी कामानंच की! मंग उतरा खाली."

नियम निर्विवाद होता. सुमंत बांधावरून उतरून चिखलात उभा राहिला.

टांग्यातून शामकांतराव वाकले. "काय बाई, कुठं निघालात?"

खरे उत्तर दिले, तर तिला मागे फिरावे लागणार होते. पलीकडे मोटेचा आवाज थांबला होता. म्हातारा कपाळावर हात धरून वाटेकडे पाहत होता.

बनुबाई गप्प राहिली.

"ऐकलंत?" शामकांतराव गहिवरले. "काहीही कारण नाही! मंडळी, वहिवाट सिद्ध झाली!"

टांग्याटांग्यांतून टाळ्या कडाडल्या. कुणी रुमालाने डोळेही टिपले.

"बाई," त्यांनी मायेने विचारले, "आनंद होतोय ना?"

बनुबाईने ओचा सावरला, लगबग आवरून मुद्दाम सावकाश पाऊल टाकले, आणि ती मोटेच्या दिशेने चालू लागली.