रेगेकाका आणि ठासणीची बंदूक

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत नवीन भाडेकरू आला, की रेगेकाका पहिल्याच दिवशी त्याला जिन्यात गाठतात. "घरात शस्त्र वगैरे?" माणूस हादरतो. "नाही ना? उत्तम. असलं तर परवाना लागतो. कलम तीन!"

काका कोर्टात मुद्देमाल कारकून होते. गुन्ह्यांत पकडलेले गावठी कट्टे, तलवारी, सुरे, सगळं त्यांच्या ताब्यात, चिठ्ठ्या लावून. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शस्त्र कायदाच त्यांच्या घरी राहायला आला. पेपरात कट्टा सापडल्याची बातमी दिसली की लाल पेन्सिलीने कलमं तपासतात. "पंचवीस लिहिलंय, तीन विसरले. अभ्यासच करत नाहीत!"

कल्याणला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाने वरातीत हवेत गोळी झाडली. काका थेट त्याच्यासमोर जाऊन उभे.

"परवाना आहे माझ्याकडे," मामा गुरगुरला.

"बाळगण्याचा आहे. नाचवण्याचा नाही."

मामाने पिस्तूल निमूट आत ठेवलं. आम्ही मात्र न जेवता परतलो.

अशा माणसाकडे कोण जाणार? तळमजल्यावरचे सावंत तेवढे जायचे, रोज संध्याकाळी चहाला. गेल्या वर्षी तेही वारले.

महिन्याभराने सावंतकाकू घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. माळा आवरताना गोधडीत गुंडाळलेली ठासणीची बंदूक निघालेली. सासऱ्यांनी कोकणात रानडुकरांपासून शेती राखायला घेतलेली. परवाना त्यांच्याच नावावर, आणि त्यांना जाऊन पंधरा वर्षं झालेली.

"भाचा म्हणतो, खाडीत टाक. मला आत टाकतील का रे?"

मी रेगेकाकांना काकूंच्या घरी बोलावलं. वाटलं, आता कलमांची सरबत्ती होणार.  पण काका गोधडीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हात लावू नका. खाडीबिडी काही नाही. आपण रस्त्याने घेऊन गेलो तर तोही गुन्हा. आधी अर्ज देऊ, पोलीसच येतील न्यायला."

अर्ज त्यांनीच लिहिला. पोलीस आले, पंचनामा झाला, बंदूक गेली. दुसऱ्या दिवशी जबाबासाठी आम्ही तिघं पोलीस स्टेशनात.

"स्वतःहून कळवलंत, बरं केलंत," साहेब म्हणाले. "ही घरात आहे हे कुणाला माहीत होतं?"

"मला नव्हतं हो," काकू रडवेल्या झाल्या.

"मला होतं," रेगेकाका म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही कोर्टातले. हे लिहिलं तर तुमच्या मागे चौकशी लागेल."

"लागू दे. वहिनींना खरंच ठाऊक नव्हतं, सावंतांनी तेवढं मलाच सांगितलेलं, हे त्याशिवाय कसं कळणार? लिहा."

काकूंना काही झालं नाही. काकांना मात्र आणखी दोनदा बोलावलं, समज दिली आणि सोडलं. दुसऱ्या खेपेला मी सोबत होतो. परतताना न राहवून विचारलं, "काका, तुम्ही अख्ख्या ठाण्याला कायदा सांगता. सावंतांना का नाही सांगितलं?"

"सांगितलेलं." काका चालायचे थांबले. एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले, चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. "चार दिवस आला नाही रे तो. पाचव्या दिवशी आला. मग मी तो विषय पुन्हा काढला नाही."